कौतिकबाई तीन वेळा आल्या

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी कधी काही मानलं नाही. बेचाळीस वर्षं ड्रम वाजवले. ऑर्केस्ट्रा झाले, लग्नं झाली, नवरात्रातला गरबा झाला. नको त्या वेळी, नको त्या रस्त्यांवरून सामानाचा टेम्पो घेऊन घरी आलोय, कधी काही दिसलं नाही. आवाजाच्या बाबतीत तर मी जास्तच संशयी. कुठे खुट्ट झालं की आधी वायर तपासणारा माणूस. त्यामुळे हे लिहायला घ्यायलाच दोन महिने गेले. मी जे सांगणार आहे त्याचं रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर आहे... आणि तीच खरी अडचण आहे.

माझं नाव दिलीप. वय बासष्ट. राहतो सुरतेत, डिंडोलीला. मूळचे आम्ही शिरपूरकडचे. वडील संचा चालवायला, म्हणजे पॉवरलूमवर, इकडे आले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. वाढलो नवागामच्या चाळीत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि स्टेजवर हिंदी. अहिराणीची मला लाज वाटायची, हे आधीच कबूल करतो. ऑर्केस्ट्रातल्या पोरांसमोर आईने हाक मारली तरी मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको उषा गेली. मुलगी स्नेहल हैदराबादला नोकरीला आहे. ती म्हणत होती, बाबा घर विका, ड्रम कुणाला तरी देऊन टाका आणि माझ्याकडे या. मी गेलो नाही. हात अजून चालत होते, पण बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. हल्ली लग्नात लॅपटॉपवाला एकटा येतो आणि सगळा ताल त्या डब्यातूनच काढतो. दिवसच्या दिवस मी कुणाशी बोलायचो नाही. दूधवाल्याला "एक" म्हणायचं आणि भाजीवाल्याला "पाव किलो", एवढाच आवाज.

मग गेल्या दिवाळीनंतर मी एक गोष्ट केली. वरच्या मजल्यावरची स्नेहलची खोली रिकामी केली आणि तिचा स्टुडिओ बनवला. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. कपड्याच्या मार्केटमधून चिंध्यांची पोती आणून कोपऱ्यांत रचली, म्हणजे आवाज घुमत नाही. खिडकी फळीने बंद केली. छताचा पंखा काढून टाकला, कारण माईकमध्ये पंखा फार ऐकू येतो. चांगला माईक, लॅपटॉप, दोन हेडफोन आणि माझा ड्रमसेट. माझा स्वतःचा असा माईक आयुष्यात पहिल्यांदाच. दिवाळीच्या पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी घेतला, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता त्या खोलीत वाजवायचं काय? दुसऱ्यांची गाणी आयुष्यभर वाजवली. मला आईचं गाणं हवं होतं.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात आमच्या लोकांकडे कानबाई बसते. देवी एक रात्र घरी मुक्कामाला येते, बायका जागून गाणी म्हणतात आणि सकाळी तिला नदीवर पोचवतात. इथे आम्ही तापीवर नेतो. नवागामच्या चाळीत गाणाऱ्या बायकांत माझी आई पुढे असायची, इंदूबाई. देवीला निरोप द्यायच्या वेळचं तिचं एक गाणं होतं. त्यातल्या दोनच ओळी मला येत होत्या.

*थांब वं माय कानबाई, घडीभर थांब,*
*संचावरथून उना नही मन्हा धनी, घडीभर थांब.*

देवी निघालीय आणि बायका तिला म्हणतात, थोडी थांब, माझा माणूस अजून कामावरून घरी आलेला नाही. पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण मी तिथे कधी नसायचोच. माझा कुठे ना कुठे कार्यक्रम असायचा. आई जाऊनही एकवीस वर्षं झाली. विचारणार कुणाला?

मी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की जुनी कानबाईची गाणी कुणाला येत असतील तर माझ्याकडे या, रेकॉर्ड करू. सोबत घराचा पत्ता टाकला. तीन बाया आल्या. तिघींनाही सिनेमाच्या चालीवरची भजनं म्हणायची होती. आईचं गाणं एकीलाही माहीत नव्हतं. मी त्या दोन ओळींवरच ड्रम, ढोलकी, झांज असं एकेक वाजवून थर चढवत बसलो. एकटाच वाजवायचो, एकटाच ऐकायचो.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. तारांवर पतंगांचे मांजे लोंबत होते. मंगळवार, दुपारचे तीन. बेल वाजली म्हणून खाली आलो तर दारात एक म्हातारी बाई. ऐंशीच्या आसपासची, डोक्यावरून पदर, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. दम लागलेला नव्हता, घाई नव्हती. म्हणाली, मी कौतिकबाई, नवागामची. गाणं लिहून घेणारा तूच ना?

मी तिला वर नेलं. चहा केला, तिने बशीत ओतून प्यायला. मी आईच्या दोन ओळी गुणगुणलो. तिने डोळे मिटून ऐकल्या आणि विचारलं, "तू इंदूना पोऱ्या ना?"

मी हो म्हटलं. किती वर्षांनी कुणी माझ्या आईचं नाव घेतलं होतं. त्या दिवशी ती गायली नाही. आईबद्दल बोलत राहिली. पाण्याच्या नळावर आई कशी सगळ्यांना ओळीत उभी करायची, तिला हसू आलं की ती पदर तोंडात कसा धरायची. हे दुसरं मला आठवतच नव्हतं, तिने सांगितल्यावर डोळ्यांसमोर आलं. शुक्रवारी येते म्हणून गेली. फोन नंबर मागितला तर म्हणाली, नाही. स्कूटरवर सोडतो म्हटलं तर म्हणाली, जवळच तर आहे.

शुक्रवारी आली, त्याच वेळेला. मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि क्लिक लावली. क्लिक म्हणजे कानात टिक-टिक वाजत राहते, तिच्यावर लय धरून गायचं, म्हणजे नंतर सगळी वाद्यं नीट जुळतात. ती दोन ओळी गायली आणि थांबली. हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हाई बंद कर, भाऊ. गानाले सोतानी चाल रहास. तिले हाकलू नको."

गाण्याला स्वतःची चाल असते, तिला हाकू नकोस. बेचाळीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? मी क्लिक बंद केली. ती मांडीवर हात आपटून ठेका धरत गायली. त्या दिवशी तीन गाणी झाली. आवाज थकलेला होता, पण सुरात कुठे हलत नव्हता.

आईचं गाणं तिने तिसऱ्या वेळी म्हटलं, पुढच्या मंगळवारी. आधी सांगितलं की या गाण्यात प्रत्येक बाई आपल्या घरातलं एक नाव घालायची, जो अजून आलेला नाही त्याचं. कुणाचा नवरा कामाच्या पाळीवर असायचा, कुणाचा भाऊ गावाला. मग गायला लागली. एकेका बाईचं कडवं, एकेक नाव. मी समोर हेडफोन लावून बसलेलो, डोळे लॅपटॉपवरच्या आवाजाच्या काट्यावर. आणि ती म्हणाली, हे इंदूचं.

*थांब वं माय कानबाई, घडीभर थांब,*
*मन्हा दिलीप येवाना से, घडीभर थांब.*

माझा दिलीप यायचा आहे. दरवर्षी माझी आई चाळीतल्या सगळ्या बायकांसमोर हे म्हणत होती आणि मला ते माहीतही नव्हतं. मी तेव्हा कुठल्या तरी स्टेजवर असायचो. मला तो हेडफोन कानांवर सहन होईना. रेकॉर्डिंगमध्ये माझ्या खुर्चीचा आवाज आलाय, मी उठलो त्याचा.

कौतिकबाई गाणं पूर्ण करून थांबल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही वाट दखत ऱ्हायनूत, पोऱ्या."

वाट बघत राहिलो आम्ही. रागाने नाही म्हणाल्या, सांगायचं म्हणून सांगितलं. मग उठल्या आणि जिना उतरून गेल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही, याची मला अजून लाज वाटते. खाली शेजारच्या हंसाबेन ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी संध्याकाळी मला विचारलं, "दिलीपभाई, पेलां माजी कोण हतां?" त्या आजी कोण होत्या? आईच्या मैत्रीण, मी सांगितलं. हंसाबेन म्हणाल्या, मी त्यांना जय श्रीकृष्ण म्हटलं, त्यांनी हात जोडले.

हे मी मुद्दाम लिहितोय. त्यांना पाहणारा मी एकटा नव्हतो.

त्यानंतर कौतिकबाई आल्या नाहीत. मी गाणं तयार करायला घेतलं. ड्रम सगळे काढून टाकले, फक्त एक डफ ठेवला, हळू. पण एक त्रास होता. त्यांच्या आवाजामागे एक बारीक आवाज येत होता. टक... टक... आणि मध्येच कर्र असं घासल्यासारखं. आधी वाटलं क्लिकच, त्यांच्या हेडफोनमधून माईकमध्ये उतरली असणार. पण क्लिक मी बंद केली होती, आणि हा आवाज तिच्या लयीतही नव्हता. लॅपटॉपचा असेल म्हणून मी खोलीत कुणी नसताना रेकॉर्डिंग चालू ठेवून पाहिलं. साफ शांतता. माझ्या इतर ट्रॅकवरही तो नव्हता. फक्त कौतिकबाई गायल्या त्या ट्रॅकवर होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काढून टाकायचा खूप प्रयत्न केला, पण तो काढला की त्यांचा आवाज पातळ व्हायचा. शेवटी तसाच राहू दिला.

दोन आठवडे वाट पाहून मी नवागामला गेलो. गाणं त्यांना ऐकवायचं होतं आणि कुणाला ऐकवलं तर चालेल का, तेही विचारायचं होतं. आमच्या जुन्या चाळीजवळच्या पिठाच्या गिरणीत चौकशी केली. गिरणीवाल्या बाई म्हणाल्या, कौतिकमाय आता इथे नसते, कामरेजला मुलाकडे असते, आजारी आहे. मला वाटलं, मागच्या पंधरवड्यात काही झालं असेल. मुलाच्या वर्कशॉपचा पत्ता घेतला, डझनभर केळी घेतली आणि शहराबाहेर कामरेजला गेलो.

हायवेच्या मागच्या बाजूला मुलाचं लोखंडी गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप आणि त्याच्याच मागे घर. सून मनीषाने दार उघडलं, पंचेचाळिशीची असेल. मी ओळख सांगितली, कौतिकबाईंना भेटायला आलोय म्हटलं. तिने आत नेलं.

खाटेवर त्याच होत्या. हनुवटीवर तेच तीन ठिपके. पण तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात छातीशी दुमडलेला, नजर कुठेच नाही. मी हाक मारली, काहीच हललं नाही. मी मनीषाला विचारलं, कधी झालं हे?

ती म्हणाली, "श्रावणात, काका. कानबाईनंतर पंधरा दिवसांनी. लकवा मारला, वाचा गेली."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मधे बऱ्या झाल्या होत्या का, विचारलं. जानेवारीत? थोडंफार चालत होत्या का? तिने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. म्हणाली, कुशीवरसुद्धा मी वळवते त्यांना. सहा महिने होत आले, या खोलीच्या बाहेर गेल्या नाहीत.

मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. टक... टक... कर्र. वर पाहिलं तर छताचा पंखा, एकच्या स्पीडवर, जुना, वाकलेलं पातं कुठेतरी घासत होतं. तो आवाज मी दोन आठवडे रोज ऐकला होता. कुणाला वाटेल म्हातारपणाचा भास. पण लय ओळखणं हे माझं आयुष्यभराचं काम आहे. मी फोनवर आणलेलं गाणं एका कानात लावलं आणि दुसरा कान मोकळा ठेवला. दोन्हीकडे तेच. टक, टक, मग कर्र. डफासारखं एकाच जागी पडत होतं.

मी मनीषाला गाणं ऐकवलं. पहिल्याच ओळीला तिने तोंडावर हात ठेवला. जेवायला आलेला मुलगा संजय दारात उभा राहून ऐकत होता. कौतिकबाई भिंतीकडे पाहत होत्या. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण मनीषा म्हणाली ते सारखंच येतं, त्याचं काही नाही.

संजयने विचारलं, हे कधीचं आहे? मी खरं ते सगळं सांगितलं. तीन दुपारी, चहा, हंसाबेन, सगळं. लॅपटॉपवरच्या फाईलचा फोटो होता, त्यावरची तारीख दाखवली. तो भला माणूस आहे, ओरडला नाही. म्हणाला, "काका, आवाज माझ्या आईचाच आहे. पण आजारी पडायच्या आधीचा असणार. मशीनची तारीख चुकते." मी म्हटलं, अरे, माईकच मी दिवाळीनंतर घेतला. त्याने फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाला, गाणं तुम्ही ठेवा, लोकांना ऐकवा, आईचं नाव लावा. पण बाकीचं हे आमच्या घरात नका बोलू. मुलं घाबरतील. मला त्याचं म्हणणं पटलं. त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

घरी येऊन स्नेहलला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, बाबा, बीपीची गोळी रोज घेताय ना? दिवसभर कुणाशी बोलता तुम्ही? मी विषय बदलला.

तेव्हापासून मी प्रत्येक बाजूने विचार केलाय. कौतिकबाईंसारखी दिसणारी दुसरी कुणी असेल? बहीण? संजय म्हणाला, बहीण नव्हती, आणि आवाज तर त्याने स्वतः ओळखला. मला एकटेपणात भास झाला? मग हंसाबेननी कुणाला हात जोडताना पाहिलं? रेकॉर्डिंग जुनं? मग त्यावर माझ्या खुर्चीचा आवाज कसा, आणि कामरेजच्या पंख्याचा कसा? लोक सांगतात की माणूस गेल्यावर दिसतो. पण कौतिकबाई गेलेल्या नाहीत. आज मी हे लिहितोय तेव्हाही त्या त्या खाटेवर आहेत. हे कशात बसवायचं, मला समजत नाही. तुमच्यापैकी कुणाला समजत असेल तर सांगा, मी टिंगल करणार नाही.

एक मात्र लिहायचं राहिलं. त्या दिवशी कामरेजहून निघताना मनीषा मला गेटपर्यंत सोडायला आली. संजय पुन्हा कामाला लागला होता, वेल्डिंगचा आवाज येत होता. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सांगितलं की सासूला लकवा आला त्या दिवशी सकाळी त्या दोघींचं भांडण झालं होतं. अगदी फालतू कारणावरून, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. ती रागात नको ते बोलली. दुपारी म्हातारी न्हाणीत पडली, आणि त्यानंतर एक शब्द नाही. त्यांना समजतं की नाही हेही डॉक्टर नक्की सांगत नाहीत. रोज अंग पुसताना ती माफी मागते, म्हणाली, पण समोरून काहीच येत नाही.

मी स्कूटर चालू केली. तिने हँडलवर हात ठेवला.

"काका, त्या परत तुमच्याकडे आल्या ना, तर मला लगेच फोन करा. मी रिक्षाने येईन. तुमच्याकडे त्या बोलतात."

तिने नंबर माझ्याच फोनमध्ये स्वतः घालून दिला. त्याला दोन महिने होत आले. दुपारी तीनच्या सुमाराला मी घराबाहेर जात नाही, आणि फोन चार्ज करून ठेवतो. अजून कुणी आलेलं नाही.